पाणी उतरतं तेव्हा : उजनीतल्या बेटावरचा एक दिवस

उन्हाळा लागला की बारामती-इंदापूरकडच्या घरांत एक वाक्य हमखास कानावर येतं : "उजनी मायनसमध्ये गेली." हे ऐकून शाळकरी पोर विचारतं, "शून्य म्हणजे पाणी संपलं ना? मग शून्याच्या खाली ते कसं जाईल?" मोठ्यांना याचं उत्तर द्यायचं असतं, पण नेमकं सांगता येत नाही. त्याच दिवसांत आणखी दोन बातम्या येतात. भिगवणच्या पाण्यात रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे दाटलेत आणि पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर आलंय.

वर्तमानपत्रात या तीन बातम्या तीन पानांवर असतात. एक पाटबंधाऱ्याची, एक पर्यटनाची, एक इतिहासाची. प्रत्यक्षात तिन्ही मिळून एकच बातमी आहे. पाण्याची पातळी खाली आली की जे घडतं, त्याच्या या तीन बाजू. या प्रकरणात आपण एप्रिल अखेरचा एक दिवस या भागात काढणार आहोत. सकाळ पक्ष्यांची, दुपार देवळाची आणि संध्याकाळ माळाची. जाता जाता तीनही गोष्टींचा उलगडा करून घेऊ.

१. समुद्राशिवाय बेट

चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेली जमीन म्हणजे बेट, हे आपण भूगोलात शिकलो. बेटं बनतात मात्र वेगवेगळ्या रीतींनी. काही बेटं मुख्य भूमीपासून सुटलेली असतात, काही ज्वालामुखीतून वर येतात, काही प्रवाळांच्या सांगाड्यांवर उभी राहतात. चौथी रीत माणसाची. नदी अडवली की दरी भरते, सखल भाग बुडतो आणि उंचवटे तेवढे पाण्याबाहेर राहतात.

या चौथ्या रीतीचं जगातलं गाजलेलं उदाहरण पनामात आहे. पनामा कालव्यासाठी नदी अडवून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गातून तलाव तयार झाला. त्यात एका जंगली डोंगराचा माथा सुटा पडला आणि त्याचं बारो कोलोरॅडो नावाचं बेट झालं. शास्त्रज्ञ गेली शंभर वर्षं तिथं बसून पाहताहेत, की जमिनीचा एक तुकडा बाकीच्या जमिनीपासून तुटला तर त्यावरच्या जिवांचं काय होतं. त्या बेटावरचे कितीतरी पक्षी हळूहळू नाहीसे झाले. ही गोष्ट लक्षात ठेवा. संध्याकाळी माळावर ती पुन्हा लागणार आहे.

आपली भीमा भीमाशंकरला उगम पावते. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात उजनीला तिच्यावर धरण बांधलं गेलं. ते १९८० मध्ये पूर्ण झालं आणि पाणी मागे पसरत इंदापूर, करमाळा आणि दौंड तालुक्यांत शिरलं. हा सगळा भाग कर्कवृत्ताच्या बराच दक्षिणेला, अठरा अक्षांशाच्या आसपास, म्हणजे पक्क्या उष्ण कटिबंधात येतो. पनामाचं बेट बारमाही आहे, आपलं पळसदेवच्या देवळाचं बेट हंगामी. धरण भरलं की ते दिसेनासं होतं, पाणी उतरलं की डोकं वर काढतं.

२. धरण 'मायनस'मध्ये कसं जातं?

घरातला तोटीचा माठ डोळ्यांसमोर आणा. तोटी तळापासून चार बोटं वर असते. तोटीतून पाणी यायचं थांबलं की आपण म्हणतो माठ रिकामा झाला, पण तोटीच्या खाली पाणी असतंच. ते हवं असेल तर वरून भांडं बुडवावं लागतं.

धरणाचंही असंच असतं. ज्या पातळीच्या वरचं पाणी वापरासाठी हिशेबात धरलेलं असतं, तो उपयुक्त साठा. तिच्या खालचा तो मृत साठा. धरणाचे टक्के मोजतात ते फक्त उपयुक्त साठ्याचे. म्हणून उपयुक्त पाणी संपलं की शून्य टक्के आणि त्याच्याही खालचं पाणी वापरायला काढलं की उणे टक्के.

आता उजनीचे आकडे घालून पाहू. पाणी टीएमसीत मोजतात. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २,८३० कोटी लिटर. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं सुमारे ५३.५ टीएमसी उपयुक्त आणि ६३.५ टीएमसी मृत. म्हणजे या माठाची तोटी अर्ध्याहून वर बसवलेली आहे.

२०२४ च्या मे महिन्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली होती. गणित सोपं आहे. ५३.५ चे साठ टक्के म्हणजे सुमारे ३२. तेवढं पाणी मृत साठ्यातून गेलं. ६३.५ मधून ३२ वजा केले की उरले साडेएकतीस टीएमसी. पुण्याला पाणी देणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरली तरी सुमारे २९ टीएमसी होतात. तेव्हा 'मायनस साठ'च्या उजनीतही पुण्याच्या चार धरणांहून जास्त पाणी होतं. तरी शेतकऱ्याची चिंता खोटी नव्हती. पाणी होतं, पण खोल होतं आणि काठावरच्या मोटारींचे पाईप उघडे पडले होते.

३. एक मीटर पाणी, शंभर मीटर काठ

पहाटे भिगवणजवळच्या कुंभारगावच्या किंवा दिक्सळच्या काठावर उभे राहा. उजनीच्या फुगवट्याचं, म्हणजे धरणामागे तुंबलेल्या पाण्याचं, हे वरचं टोक. होडीत बसायच्या आधी काठाकडे नीट पाहा. जमीन पाण्यात शिरताना इतक्या अलगद उतरते, की पाणी कुठं सुरू झालं ते चटकन कळत नाही.

घरातलं ताट आणि पेला घ्या. दोन्हींत पाणी भरा आणि प्रत्येकातून दोन चमचे काढा. पेल्यात पातळी थोडी खाली जाते, पण कड जागची हलत नाही. ताटातलं पाणी मात्र कडेपासून आत सरकतं आणि सगळीकडून ओला पट्टा उघडा पडतो. भिगवणचा काठ ताटासारखा आहे.

समजा काठाचा उतार शंभरास एक आहे, म्हणजे शंभर मीटर चाललं की एक मीटर खाली. अशा ठिकाणी पाणी एक मीटर उतरलं की शंभर मीटर रुंद चिखल उघडा पडतो. उतार पाचास एक असता तर उघडा पडला असता फक्त पाच मीटर. धरणाच्या भिंतीजवळच्या खोल पाण्यापेक्षा इकडे फुगवट्याच्या उथळ टोकाला पक्ष्यांची गर्दी का, याचं उत्तर या उतारात आहे.

या पट्ट्यावर पक्ष्यांची पंगत बसते आणि कुणाचं पान कुठं मांडायचं ते पायांच्या लांबीवर ठरतं. तुतारी, पाणलाव्यांसारखे आखूड पायांचे पक्षी ओल्या चिखलात. काडीसारख्या लाल पायांचा शेकाट्या घोटाभर पाण्यात. चमचा आणि चित्रबलाक त्याहून आत. चार-साडेचार फूट उंचीचा रोहित सगळ्यांच्या पुढं, गुडघाभर पाण्यात. पायांनी चालणारे संपले की पोहणाऱ्यांची रांग लागते : बदकं आणि, हिवाळ्यात आलात तर, चक्रवाक आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस. पाणी रोज थोडं मागं हटतं तशी अख्खी पंगत त्याच्या मागून सरकते. त्यांना रोज नवं पान वाढलेलं मिळतं, कारण काल बुडालेला चिखल आज हाताशी आलेला असतो.

४. उलट्या डोक्यानं जेवणारा पाहुणा

रोहित खाताना पाहिला की पहिला प्रश्न पडतो, हा डोकं उलटं का करतो? त्याची चोच मधेच वाकलेली असते. मान खाली सोडली की चोचीचा वरचा भाग पाण्यात खाली जातो आणि खालचा वर येतो. चोचीच्या कडांना आतून बारीक दातेरी पडदे असतात. ती झाली चाळणी. जाडजूड जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागं-पुढं होते, पाणी आत ओढते आणि बाहेर ढकलते. चाळणीत अडकतात बारीक कवचधारी जीव, किड्यांच्या अळ्या आणि शेवाळ. पीठ चाळताना आपण कोंडा वर ठेवतो आणि पीठ खाली सोडतो. रोहितही पाणी सोडून देतो आणि अन्न ठेवतो. मधूनच तो एका जागी पाय आपटत गोल फिरतो. तळाचा गाळ ढवळून त्यातले जीव वर आणण्याची ही युक्ती आहे.

दुसरा प्रश्न रंगाचा. शेवाळात आणि ते खाणाऱ्या जिवांत गाजरातल्यासारखी रंगद्रव्यं असतात. महिनोन्‌महिने खूप गाजरं खाणाऱ्या माणसाचे तळहात पिवळसर दिसू लागतात. रोहिताच्या शरीरात तेच रंगद्रव्य पिसांत उतरतं. म्हणून त्याची पिल्लं जन्मतः राखाडी असतात आणि गुलाबी व्हायला त्यांना काही वर्षं लागतात. थव्यात मळकट पांढरे पक्षी दिसले तर ते आजारी आहेत असं समजू नका, ती त्यांची तरणी पोरं आहेत. हे पक्षी वीण इथं घालत नाहीत. भारतातली त्यांची मोठी वसाहत कच्छच्या रणात आहे. उजनी हे त्यांचं जेवणघर.

या जेवणाबद्दल एक गोष्ट दडवून चालणार नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. त्या पाण्यातली खतासारखी द्रव्यं शेवाळ वाढवतात, त्यामुळे काही पक्ष्यांना भरपूर खायला मिळतं. पण हेच पाणी हिरवं पडतं, जलपर्णीनं झाकलं जातं आणि काठावरच्या माणसांना प्यावं लागतं. थवा मोठा दिसला म्हणजे पाणी चांगलं असलंच पाहिजे, असा निष्कर्ष काढू नये.

५. देऊळ पाण्यात टिकतं कसं?

ऊन तापायच्या आत पुणे-सोलापूर रस्त्यानं पुढं निघू. भिगवण आणि इंदापूरच्या मधे रस्त्यालगत पळसदेव लागतं. हे नवं गाव. जुनं पळसदेव भीमेच्या काठी होतं, ते धरणाच्या पाण्यात गेलं. ग्रामदैवत पळसनाथाची स्थापना नव्या गावात झाली, पण जुनं दगडी देऊळ जागेवरच राहिलं. पाणी बेताचं उतरलं की आधी शिखर दिसतं. दुष्काळी वर्षी मंडप आणि आवार मोकळं होतं आणि होडीनं त्या बेटावर उतरता येतं.

चाळीसहून अधिक वर्षं पाण्यात जाऊन-येऊन हे देऊळ उभं कसं? रिकामी बाटली बूच लावून खोल पाण्यात नेली तर तिच्यावर बाहेरून दाब पडतो. तीच बाटली उघडी बुडवली तर आतही पाणी शिरतं आणि दोन्ही बाजूंचे दाब एकमेकांना तोलतात. देवळाला दारं आहेत, फटी आहेत, त्यामुळे पाणी चढतं ते आत-बाहेर एकदमच. शिवाय बांधणी घडीव काळ्या दगडाची. जड दगड एकमेकांवर असे बसवलेले, की त्यांचं वजनच त्यांना धरून ठेवतं.

मग धोका कुठं असतो? शेतातला लाकडी खांब आठवा. तो जमिनीत खोल गाडलेला भाग सोडून मातीलगत कुजतो, जिथं ओल आणि ऊन आळीपाळीनं लागतात. देवळाचंही तसंच आहे. स्थिर पाण्याखाली ते त्या मानानं सुखात असतं. पाणी चढता-उतरताना लाटा सांध्यांवर आपटतात, भिजलेलं बांधकाम वाळतं, पुन्हा भिजतं, आणि झीज होते ती त्या वेळी. देऊळ वर आलं म्हणून आपल्याला आनंद होतो, पण त्याच्यासाठी तो झिजण्याचा काळ असतो.

६. दगड वाचायचा कसा?

देवळाचं शिखर पाहा. त्यावर लहान लहान शिखरांच्या प्रतिकृती ओळीनं एकावर एक रचलेल्या आहेत, जणू रुद्राक्षांच्या माळा खालून वर चढवल्या आहेत. या घडणीला भूमिज शैली म्हणतात आणि प्रत्येक आडव्या थराला 'भूमी', म्हणजे मजला. अंबरनाथचं शिवमंदिर आणि सिन्नरचं गोंदेश्वर ही याच घराण्यातली. 'हेमाडपंती' हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण अंबरनाथचं देऊळ १०६० सालचं आहे, म्हणजे यादवांचा प्रधान हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, जन्मायच्या कितीतरी आधीचं. ही शैली हेमाद्रीहून जुनी आहे.

आता आवारातले उभे दगड. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाचं स्मारक. तो खालून वर वाचायचा असतो. तळच्या चौकटीत लढाई, कधी पळवून नेली जाणारी गुरं आणि आडवा पडलेला वीर. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेताना. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना. अगदी वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याची कीर्ती राहो. शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एक हात कोरलेला दगड दिसला तर ती सतीशिळा.

या दगडांवर बहुतेक वेळा नाव नसतं. राजाची वंशावळ पोथीत सापडते, गावाची गुरं वाचवताना मेलेला माणूस फक्त अशा दगडात सापडतो. इंदापूर शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांच्यामुळे इतिहासात आलं. ते तिथं लढाईत पडले असं सांगतात. त्यांच्याही कितीतरी आधी याच काठावर पडलेल्यांची ही नोंद आहे. म्हणून दगड हलवू नका, त्याला शेंदूर किंवा रंग फासू नका. तो जागेवर आहे तोवर काही सांगतो, जागा सोडली की मुका होतो.

७. काठावरची माणसं

देवळाच्या बेटावरून भोवती पाहिलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर हिरवे चौकोन दिसतात. ही गाळपेर. पाणी मागं हटलं की मोकळ्या झालेल्या गाळावर शेतकरी पीक घेतात. गाळ ताजा, ओल आयती. पाणी परत यायच्या आत पीक हाती लागलं तर लागलं. पक्ष्यांनी जशी सरकती पंगत मांडली तशीच ही माणसांची. यातल्या कित्येक घरांची मूळ शेतं याच पाण्याखाली गेली आहेत.

शेत गेल्यावर काहींनी जाळं धरलं. इथला मुख्य मासा चिलापी. तो मूळचा आफ्रिकेचा. भिगवणचा मासळी बाजार त्याच्यावर चालतो आणि आकाशातून झेप घेणाऱ्या मत्स्यघारीलाही तो चालतो. आज पक्षी दाखवायला होडी वल्हवणारे बहुतेक जण मासेमारच आहेत. पक्षी कुठं बसतो हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. जाळं टाकायची जागा आणि पक्ष्यांची जागा एकच असते.

धरणानं आणखी एक गोष्ट केली. नदीच्या दोन काठांवरची, रोज एकमेकांकडे जाणारी गावं दूर गेली. रस्त्यानं फिरून जायचं तर लांबचा पल्ला पडतो, म्हणून माणसं होडीनं जातात. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचे जीव गेले. उन्हाळ्यात दुपारनंतर इथं वारा अचानक उठतो. आपण हौसेनं जातो, त्या लोकांना जावं लागतं. हा फरक ध्यानात ठेवावा आणि जाकीट घातल्याशिवाय होडीत पाय टाकू नये.

८. गवताचं बेट

संध्याकाळी पाणी सोडून बारामती तालुक्यात सुप्याजवळ जाऊ. इथं मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ मध्ये घोषित झालेलं. झाडी विरळ, गवत गुडघ्यापर्यंत, एप्रिलमध्ये सोनेरी. जरा थांबलात तर चिंकारा दिसेल. रोज पाणवठ्यावर यायची त्याला गरज नसते. पाल्यातली ओल आणि दव यांवर तो बराच काळ काढतो.

अभयारण्याचं क्षेत्र ५.१४ चौरस किलोमीटर आहे. चौकोनी धरलं तर एक बाजू सव्वादोन किलोमीटरच्या आसपास येते, म्हणजे बरं चालणारा माणूस अर्ध्या तासात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचतो. याच माळांवर फिरणाऱ्या लांडग्यांच्या एका कळपाला शंभर चौरस किलोमीटरहून अधिक मुलूख लागतो. त्यात असे वीस मयूरेश्वर मावतील. मग लांडगा राहतो कुठं? अभयारण्याबाहेर, धनगरांच्या मेंढरांमागं, पडीक माळांवर, इंदापूरकडच्या कडबनवाडीसारख्या गवताळ रानांत.

आता पनामाचं बेट आठवा. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये बेटांबद्दल एक साधं सूत्र मांडलं. बेट जितकं लहान आणि जितकं दूर, तितक्या कमी जाती त्यावर टिकतात. लहान बेटावर प्राणी मुळातच थोडे असतात, एखादा वाईट दुष्काळ आला की संपतात. दूरच्या बेटावर त्यांची जागा घ्यायला नवे येत नाहीत. पुढं अभ्यासकांच्या ध्यानात आलं, की या सूत्राला समुद्राची गरज नाही. भोवती काहीही असो, प्राण्याला ते ओलांडता आलं नाही की मधला तुकडा बेट होतो.

आपल्या माळाचंही तेच झालं. बारामतीच्या बागायतीला नीरा डाव्या कालव्यानं १८८० च्या दशकात सुरुवात झाली. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर झालेल्या कामांपैकी ते एक. पुढं उजनी आली, विहिरी आल्या, उपसा आला. पिकाला पाणी मिळालं ही मोठीच गोष्ट. त्याच वेळी माळ फुटत गेला आणि उरलेले तुकडे उसाच्या, रस्त्यांच्या आणि कारखान्यांच्या मधे सुटे पडले. माळाला आपण कागदोपत्री 'पडीक' लिहिलं, म्हणून तो कुणालाही देता आला.

९. अंधार पडण्याआधी

सकाळचं जेवणघर, दुपारचं देऊळ आणि संध्याकाळचा माळ, तिन्ही बेटंच निघाली. पहिली दोन पाणी उतरल्यावर घडतात. तिसरं पाणी पोचल्यामुळे घडलं.

पुढच्या खेपेला जाल तेव्हा एक करून पाहा. पाण्याच्या कडेला एक काठी रोवा आणि दिवसभरानं कड किती सरकली ते पावलांनी मोजा. शेजारी पावलांचे ठसे पाहा : रोहिताचे पडदा असलेले, शेकाट्याचे बारीक, गाळपेर करणाऱ्याचे अनवाणी. होडी थव्यापासून लांब ठेवायला सांगा, कारण उडवलेला प्रत्येक थवा एक घास अर्धा टाकून उठतो. नदी सुरय हा पक्षी उघड्या वाळूवरच अंडी घालतो, तेव्हा बेटावर पाऊल टाकताना खाली पाहा.

जुलै-ऑगस्टात सह्याद्रीवर पाऊस कोसळतो. घाटमाथ्यावरची धरणं भरून दरवाजे उघडतात आणि दौंडहून उजनीत येणारा विसर्ग वाढल्याची बातमी येते. काठीची खूण आधी जाते, मग गाळपेरीचे बांध, मग वीरगळांवरची तळची लढाई, मधल्या अप्सरा, वरचं शिवलिंग, आणि शेवटी चंद्र-सूर्य. त्या दिवशी घरात कुणीतरी आनंदानं म्हणतं, "उजनी प्लसमध्ये आली." शाळकरी पोरानं तेव्हा पुन्हा काही विचारलं, तर आता आपल्यापाशी माठ आहे, ताट आहे, आणि सांगायला एक अख्खा दिवस आहे.